उसने हात

देवकुंडच्या जिल्हा रुग्णालयातल्या पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात तीन सिस्टर जास्त आहेत, असा निकाल मशीननं दिला, तेव्हा त्या वॉर्डाची इन्चार्ज ज्योत्स्ना भिलारे ट्रीटमेंट रूममध्ये उभ्यानं डबा खात होती. बसून खायला वेळ नव्हता. फोनवर आलेला निकाल तिनं डाव्या हातानं उघडला, वाचला, घास गिळला आणि पुन्हा वाचला. मग तिला हसू आलं आणि हसता हसता ठसका लागला.

रेश्मा घोरपडे औषधं काढत होती. तिनं धावत पाणी आणून दिलं. "काय झालं मॅडम?"

"आपण जास्त झालोय," ज्योत्स्ना म्हणाली. "तीन जणी."

रेश्मा कंत्राटावर होती. वॉर्डात कंत्राटी सिस्टर तीनच होत्या, त्यामुळे जाणार कोण ते तिला लगेच कळलं. ती औषधं घेऊन बाहेर गेली, आणि ज्योत्स्नानं अर्धा डबा तसाच बंद केला.

मुळात हे मशीन ज्योत्स्नानंच मागून मागून आणवलं होतं. आजवर सिस्टर किती लागतात हे ठरवायची पद्धत एकच होती: खाटा मोजायच्या आणि भागाकार करायचा. खाटेवर कोण आहे याच्याशी त्या भागाकाराला काही देणंघेणं नव्हतं. मलेरिया उतरलेला, पेपर वाचत बसलेला कॉलेजकुमारही एक खाट, आणि अर्धांगवायूनं पडलेला, नाकात नळी, लघवीला नळी, ठरावीक वेळानं कूस बदलावी लागणारा म्हाताराही एकच खाट. ज्योत्स्ना प्रत्येक बैठकीत हे बोलायची. इतकं बोलायची की ती हात वर करायला लागली की साहेब लोक चहा मागवायचे.

मग राज्यानं 'तोलन' ही नवी प्रणाली आणली. तिची रचना सोपी होती. गादीखाली एक पातळ चटई अंथरायची. चटईतले धागे दाबाला प्रतिसाद देणारे होते. पेशंटच्या छातीचे ठोके, श्वास, तळमळ, एकाच कुशीवर किती वेळ पडलाय, हे सगळं ती चटई टिपायची. सिस्टरच्या मनगटावर एक निळा पट्टा. तो तिच्या हाताची हालचाल आणि खाटेपासूनचं अंतर टिपायचा. दोन्हींची माहिती जुळवली की कळायचं की आत्ता सलाईन लावली, आत्ता कूस बदलली, आत्ता अंग पुसलं. पेशंटच्या आजारावरून त्याला किती शुश्रूषा लागेल ती 'मागणी'. प्रत्यक्ष मिळाली तो 'पुरवठा'. राहून गेली ती 'उणीव'. शिवाय कुठल्या कामाला त्या वॉर्डात किती वेळ लागतो, हेही प्रणाली स्वतःच बघून शिकायची, आणि त्यावरून किती सिस्टर हव्यात ते सांगायची. वॉर्डातल्या पोरींनी त्याचं नाव लगेच 'तोल्या' ठेवलं.

आता आपल्याकडे कुणाला 'मोजायला येणार आहेत' असं सांगून बघा. तो 'तपासायला येणार आहेत' असंच धरून चालतो. शाळेत साहेब येणार म्हणून आपण लहानपणी नखं कापली आहेत, भिंती सारवल्या आहेत, हुशार पोरं पहिल्या बाकावर आणून बसवली आहेत. ते रक्तातच आहे. तोल्याचा आठवडा ठरला आणि वॉर्डानं कंबर कसली. स्टोअरमधल्या कोऱ्या चादरी निघाल्या. नातेवाइकांना सांगितलं गेलं की बाबांनो, आठवडाभर जरा हात लावा, मोठी माणसं येणार आहेत. सुट्टीवरच्या दोघी आपण होऊन आल्या. मेट्रन एस्तेर गायकवाडनं दुसऱ्या वॉर्डांतल्या चार चांगल्या सिस्टर गुपचूप इकडे धाडल्या. ज्योत्स्नानं हे सगळं पाहिलं आणि तिला अभिमान वाटला. वॉर्ड इतका नेटका तिनं कधी पाहिला नव्हता. शेवटच्या दिवशी फोटोही काढला.

मोजायला येणारं मशीन खाटेखाली होतं आणि त्याला कोऱ्या चादरींचं काहीच कौतुक नव्हतं, हे इतक्या शिकल्यासवरल्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

तोलन बसवणारा अभियंता इरफान मुजावर दुसऱ्या दिवशी वॉर्डात आला. पोरगा सरळ होता. निकालानं तोही चक्रावला होता. त्यानं ज्योत्स्नाला पडद्यावर एक तुकडा दाखवला.

"हे बघा मॅडम. रेश्मा सिस्टर इथं चार नंबरला इंजेक्शन देतायत. त्याच वेळी पाच नंबरच्या पेशंटची कूस बदलली गेली. जवळ निळा पट्टा एकच, त्यांचा. म्हणजे प्रणालीनं धरलं की दोन्ही कामं त्यांनीच केली. मग ती शिकली की इथं कूस बदलायला वेळ लागतच नाही. असं दिवसभर, रोज. मी असा वॉर्ड पाहिलेला नाही. एका बाईला एवढे हात कसे?"

ज्योत्स्नानं पडदा निरखून पाहिला. चार नंबरला रेश्मा होती. पाच नंबरला सर्जिकल वॉर्डातून आलेली, इकडचा पट्टा नसलेली सिस्टर होती, आणि तिच्या जोडीला पेशंटचा भाऊ.

"ते हात उसने होते," ती म्हणाली.

इरफाननं कपाळाला हात लावला. "अहो मॅडम!"

"पुन्हा मोजता येईल?"

"येईल. पण नियम आहे. पहिलं मोजमाप खरं नव्हतं असं इन्चार्जनं लिहून द्यावं लागतं. का नव्हतं, कुणामुळे नव्हतं, तेही."

लिहून द्यायचं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. एस्तेर पाच महिन्यांनी निवृत्त होणार होती आणि तिच्या जागी ज्योत्स्नाचं नाव वर गेलं होतं. मोजमापात बनवाबनवी केली असं स्वतःच लिहून देणाऱ्या बाईला कोण मेट्रन करणार? न लिहावं, तर तीन पोरी जाणार. त्या गेल्या की उरलेल्यांनी नळीतून दूध द्यायचं की इंजेक्शनं द्यायची, हे रोज ठरवावं लागणार. ज्योत्स्नानं डबा धुतला, हात पुसले आणि ती मेट्रन ऑफिसकडे निघाली. लिहायचं हे तिनं जिन्यातच ठरवलं. अवघड होतं ते पुढचं.

एस्तेर आणि ती नगरच्या एकाच नर्सिंग कॉलेजच्या. एस्तेर सात वर्षं पुढे. ज्योत्स्नाला पहिली नस शोधायला तिनं शिकवलं होतं, आणि ज्योत्स्नाच्या बाळंतपणात तीच उशाशी बसली होती. ज्योत्स्नानं सगळं सांगितलं. एस्तेरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे माझं नाव लिहिणार तू."

"चार जणी कुठून आल्या ते लिहावं लागेल. तुझं नाव गाळलं तर ते पुन्हा खोटंच होईल."

"मी तुझी लाज राखायला पाठवल्या त्या. तू मागितल्याही नव्हत्यास."

"म्हणूनच मला तुझ्यापेक्षा माझा जास्त राग येतोय."

"पस्तीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही, ज्योत्स्ना. जाता जाता तू मिळवून देणार." एस्तेरनं खुर्ची खिडकीकडे वळवली. "लिही. मी खोटं बोल म्हणणार नाही. पण आज मला तुझं तोंड बघवत नाही. जा."

ज्योत्स्ना गेली. तिनं तो कागद लिहिला आणि सिव्हिल सर्जन डॉ. दिघावकरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "भिलारे सिस्टर, हे परत घ्यायला तुम्हाला संध्याकाळपर्यंत वेळ आहे." ती संध्याकाळी तिकडे फिरकलीच नाही.

दुसऱ्या मोजमापाच्या आदल्या दिवशी तिनं आपल्या पोरींना गोळा केलं.

"नीट ऐका. जिवाला धोका दिसला तर धावायचं, ज्याचे मिळतील त्याचे हात घ्यायचे. तिथं तोल्या गेला खड्ड्यात. पण बाकी वेळी दुसऱ्या वॉर्डाची कुणी आत येणार नाही. सुट्टीवरचीनं घरी झोपायचं. जेवायच्या वेळी जेवायचं, बसून. त्यात एखादं काम राहिलं तर राहिलं. झाकायचं नाही."

"पेशंट बोलतील मॅडम," रेश्मा म्हणाली.

"बोलू देत. मी आहे."

मग ती खाटेखाटेशी जाऊन नातेवाइकांना समजावत फिरली. या आठवड्यात तुम्ही फक्त बसा. भरवणं, पुसणं, भांडं देणं, सगळं आम्ही करू; उशीर झाला तर आमच्या नावानं ओरडा, पण स्वतः करू नका. लोकांना पटायला वेळ लागला. इतकी वर्षं हॉस्पिटलनं त्यांच्याकडून फुकट काम करून घेतलं होतं आणि ते करणं म्हणजेच माया, असं सगळे धरून चालले होते.

सात नंबरच्या हौसाबाई तर ऐकेचनात. नवऱ्याला लकवा मारला होता. त्या दिवसभर त्याच्या पायथ्याशी जमिनीवर बसायच्या आणि त्यानं नुसतं हूं केलं तरी उठायच्या.

"अवो शिस्टर, माजा नवरा हाय त्यो. त्येला पानी पाजाया मी तुमच्या मिशनीला इचारू व्हय?"

"मावशी, आठवडाभरच."

"आन् त्येला तहान लागली तर?"

"आम्हाला हाक मारा."

"तुमी चौघी, आन् हितं मानसं चाळीस. हाक मारून येनार कवा?"

 ज्योत्स्नानं इरफानला बोलावलं. "या बाईला थांबवता येणार नाही, आणि थांबवूही नये. पण तिचं काम रेश्माच्या नावावर जाता कामा नये. तिला पट्टा दे. वेगळ्या रंगाचा."

"प्रणालीत नातेवाईक हा प्रकारच नाहीये मॅडम."

"मग कर की. तुझंच पोर आहे ना ते?"

इरफाननं दुपारभर बसून तो प्रकार तयार केला. पिवळा पट्टा. हौसाबाईंनी तो बांगड्यांच्या वर चढवला आणि हात फिरवून फिरवून पाहिला. संध्याकाळपर्यंत ज्यांना ज्यांना स्वस्थ बसवेना त्या सगळ्यांनी पट्टे मागून घेतले. वॉर्ड पिवळा झाला.

तो आठवडा वाईट गेला. बसून जेवायची सवय कुणालाच नव्हती. पोरी घास खाताना दाराकडे बघायच्या. एका बाजूला दम लागलेला पेशंट सांभाळायचा आणि दुसऱ्या बाजूनं 'सिस्टर, सलाईन संपली' अशी ओरड ऐकत राहायची. एका पेशंटच्या जावयानं मोबाईलवर शूटिंग करून वॉर्डाची अब्रू गावभर केली. हात हलवायचा नाही असं कुणी म्हटलेलं नव्हतं. आपल्याला आहेत तेवढेच हात हलवायचे, एवढंच होतं. पण जिथं सगळा कारभार उसनवारीवर चाललेला असतो तिथं एवढंही जड जातं.

आणि अकरा नंबर. एस.टी. स्टँडवर बेशुद्ध सापडलेला माणूस. शुद्ध आली होती, वाचा आली नव्हती. नाव नाही, गाव नाही, उशाशी कुणी नाही. एरवी त्याला शेजारच्या खाटेवरचे लोक बघायचे, दुसऱ्या वॉर्डाची एखादी जाता जाता कूस बदलून द्यायची. या आठवड्यात ते दोन्ही बंद होतं. चौथ्या दिवशी दुपारी दोन खाटांवर एकदम धावपळ झाली. अकरा नंबरची कूस बदलायची वेळ टळून गेली. सर्जिकलची सिस्टर दारात उभी होती. तिनं खूण केली, देऊ का पोझिशन पटकन?

"नको," ज्योत्स्ना म्हणाली.

ती मोकळी झाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिनं स्वतः अकरा नंबरला कुशीवर वळवलं. कमरेच्या हाडावर कातडी लाल झाली होती. बोटानं दाबलं तरी लाली हटेना. जखमेची ती पहिली पायरी असते. तिनं त्या बाजूचा दाब काढला, उशा लावल्या, मलम लावलं आणि पडद्याआड उभी राहून रडली. 'नको' हा शब्द तिचा होता. मशीनचा नव्हता. उद्या सगळं मनासारखं झालं तरी ही लाली तिनं या माणसाला दिली होती, आणि कशासाठी ते सांगून, त्याला विचारून दिली नव्हती. त्या रात्री घरी जाऊन तिनं ठरवलं की आता माघार घ्यायची नाही. घेतली तर हे फुकट जाईल.

निकालाच्या बैठकीला डॉ. दिघावकर, इरफान, ज्योत्स्ना आणि एस्तेर एवढेच होते. एस्तेर समोर बसली होती आणि ज्योत्स्नाकडे बघत नव्हती. तिला मेमो मिळाला होता.

इरफाननं पडदा लावला. तो अस्वस्थ दिसत होता. "कामांना लागणारा खरा वेळ कळला, म्हणून मागणी पहिल्यापेक्षा पुष्कळ वर गेली. पण उणीव फार वाढली नाही. म्हणजे बहुतेक कामं झालीच. पिवळ्या हातांनी केली."

दिघावकर पुढे झुकले. "म्हणजे काम होतंय. तीन सिस्टर काढल्या तरी?"

"पिवळे हात धरले तर... होय."

"मग उत्तम! नातेवाइकांच्या पाळ्या लावू. नाहीतरी ते बसलेलेच असतात. मोबाईलवर वेळ कळवायची, पट्टा द्यायचा. वॉर्डाला सिस्टर वाचल्या, आणि नातेवाइकांनाही समाधान. भिलारे सिस्टर, तुमची ही कल्पना मी वर पाठवतो."

 पट्टा ज्योत्स्नानंच मागितला होता. हौसाबाईंची माया मोजून ती तिनं या माणसाच्या हातात दिली होती.

"साहेब, त्या बाईला परवा घेरी आली," ती म्हणाली. "दिवसभर खाल्लं नव्हतं. पाळी चुकली म्हणून तिला नोटीस देणार का? आणि सिस्टर भरवते तेव्हा ती घास बघत नसते, गिळणं बघत असते. घास श्वासनलिकेत जातोय हे हौसाबाईंना कसं कळेल? काम झालं असं तुमचा पडदा म्हणतो. पाणी पोटात गेलं की छातीत गेलं, हे तो म्हणतो का?"

"प्रणालीला तेवढं कळत नाही," इरफान हळूच म्हणाला. "काम झालं एवढं कळतं. ते कुणी करायला हवं होतं, हे तिला आपण सांगायचं असतं."

"आकडे असे आहेत, तर मी काय करू?" दिघावकरांनी पेन उचललं. तीन सिस्टर हलवायचा कागद त्यांच्या पुढ्यातच होता.

"ज्याला कुणी नाही त्याची खाट दाखवा," एस्तेर म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिनं चष्मा नाकावर नीट बसवला. "इरफान, अकरा नंबर लाव."

इरफाननं लावला. पडद्यावर मागणीची रेघ वर, पुरवठ्याची खाली, आणि मधे उणिवेची लाल पट्टी, रुंद, आठवडाभर सलग. पिवळा ठिपका एकही नव्हता.

"या माणसाला या आठवड्यात जे मिळालं ते फक्त या हॉस्पिटलनं दिलेलं आहे," एस्तेर म्हणाली. "दुसऱ्या कुणीही नाही. तेव्हा आपण पेशंटला नेमकं काय देतो, हे बघायला खाट ही एकच. बाकी एकोणचाळीस खाटांवर दुसऱ्याचं काम आपल्या नावानं दिसतंय. आता पिवळे हात वजा कर आणि सगळ्यांना याच मापानं मोज. उद्या साहेब, तुम्ही किंवा मी एकटे असताना स्टँडवर पडलो, तर आपण अकरा नंबरच असू."

"आजार वेगवेगळे आहेत, तेवढा फरक धरावा लागेल," इरफान म्हणाला. पण तो कामाला लागला होता. त्याची बोटं कीबोर्डवर भराभर चालली. मग पडद्यावर उत्तर आलं. वॉर्डात चार सिस्टर कमी.

दिघावकरांनी तो आकडा वाचला आणि पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही वरून विचारणारे होते. त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. "मी तीन जणींना हलवत नाही. चार पदांची मागणी पाठवतो. मिळतील असं मात्र सांगत नाही."

बाहेर पडल्यावर जिन्यात ज्योत्स्ना एस्तेरच्या मागोमाग गेली.  "तू बोललीस म्हणून..."

"मी अजून रागावलेली आहे," एस्तेर न वळता म्हणाली.

"माहीत आहे."

"राग जाईल तेव्हा जाईल. तोवर मी पेशंटवर काढणार नाही, इतकंच." आणि ती तशीच खाली उतरून गेली.

महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. मेट्रनपदाच्या यादीतून 'मोजमापात अनियमितता' असा शेरा मारून ज्योत्स्नाचं नाव वगळलं गेलं. आणि राज्याच्या नव्या नियमानं प्रत्येक वॉर्डाच्या दारावर तोलनचा फलक लागला. इतर वॉर्डांच्या फलकांवर हिरवे आकडे होते. त्यांचं मोजमाप अजून ज्याच्या त्याच्या कोऱ्या चादरींच्या आठवड्यातलंच होतं. मेडिसिनच्या दारावर मोठ्या लाल अक्षरांत लिहून यायचं: सिस्टर हव्यात त्यापेक्षा चार कमी. येणारा प्रत्येक जण ते वाचूनच आत यायचा. कुणी चिडायचं, पण आता सिस्टरवर चिडत नव्हतं. दोनदा लोकांनी मिळून कलेक्टरकडे अर्ज नेला. सर्जिकलच्या इन्चार्जनं इरफानला फोन करून विचारलं की पुन्हा मोजायचं तर नेमकं काय लिहून द्यावं लागतं.

एका सकाळी दिघावकर स्वतः वॉर्डात आले. फलकाखाली उभे राहून त्यांनी ज्योत्स्नाला बाहेर बोलावलं.

"परवा पालकमंत्री येतायत. सगळं हॉस्पिटल हिरवं आणि मधेच हा एक लाल. बरं दिसत नाही. दोन दिवस बंद ठेवा. वायर सुटली म्हणू." मग त्यांनी आवाज खाली आणला. "यादी अजून अंतिम झालेली नाही, सिस्टर. तुमच्या नावाचा पुन्हा विचार करता येईल. मी शब्द टाकतो."

ज्योत्स्नाला ते पद हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, आणि ते आपल्याला चांगलं जमलं असतं हेही तिला माहीत होतं. तिनं वर फलकाकडे पाहिलं. आत रेश्मा अकरा नंबरला कुशीवर वळवत होती, एकटीच, आणि सात नंबरला कुणीतरी सिस्टरला हाक मारत होतं.

"पदं भरा साहेब," ती म्हणाली. "आकडा आपोआप उतरेल."